पत्र्याच्या बेडकाची टिकटिक

वऱ्हाडातल्या यात्रांतून पत्र्याचा एक बेडूक मिळत असे. त्याच्या पोटाखालची पट्टी दाबली की टिक आणि सोडली की टॉक. १९५१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात घरच्या कुत्र्याला शिकवण्याची रीत सांगितली. त्यात त्यांनी असेच एक खेळणे सुचवले होते. तिकडे त्याला रातकिडा म्हणत.

खेळण्याची गरज का पडली? आवडता परिणाम घडवणारी कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्येच मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. अडचण होती वेळेची. कुत्रा बसला, आपण खिशातून भाकरीचा तुकडा काढेपर्यंत तो उठून अंगावर उडीही मारतो. मग भाकरी कशाबद्दल? त्याच्या लेखी उडीबद्दल! म्हणून आधी ‘टिक, लगेच तुकडा’ असे अनेकदा करायचे. पावलॉव्हच्या घंटेप्रमाणे त्या आवाजाला अर्थ येतो. मग बूड टेकले त्याच क्षणी टिक. तुकडा दोन सेकंदांनी दिला तरी चालतो.

स्किनरचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकातच या तत्त्वावर कोंबड्यांपासून अनेक प्राणी शिकवण्याचा व्यवसाय उभारला. कुत्रे शिकवणाऱ्यांनी मात्र बराच काळ तिकडे लक्ष दिले नाही. त्यांच्यावर लष्करी परंपरेची छाप होती, आणि गळपट्ट्याला हिसडा देऊनही कुत्रा शिकतोच. डॉल्फिनला गळपट्टा घालता येत नाही. रागावलात तर तो सरळ पोहून जातो. हवाईत शिट्टी आणि मासळी वापरून डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ मध्ये या रीतीवर पुस्तक लिहिले आणि १९९० च्या दशकात टिकटिक कुत्र्यांच्या शिक्षणात रुजली. सक्ती अशक्य होती तिथेच ही पद्धत परिपक्व झाली, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

अमरावती-अकोल्याच्या उत्तरेला मेळघाट आहे. १९७३-७४ मधील देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी हा एक. २०१३ साली इथे वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली. वाघाची हाडे पोत्यात, सामानात दडवून नेली जातात; माणसाच्या नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ संस्थेने २००८ पासून भोपाळमध्ये वनखात्यांसाठी श्वान तयार करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्राच्या वनखात्याकडेही असे श्वान आले. ठरलेला वास सापडला की खूण करायची आणि बक्षीस मिळवायचे, हा त्यांच्या कामाचा गाभा. खूण पटवणारा आवाज टिकटिकीचा असो वा शाबासकीच्या शब्दाचा, तत्त्व तेच.

इथे धाकाचा उपयोग का नाही, हे नीट पाहावे. पोत्यात हाड आहे की नाही, हे फक्त कुत्र्याला ठाऊक असते. चुकल्यावर मार खाल्लेला कुत्रा मार टाळण्यासाठी खोटी खूण करील, किंवा खूण करणेच सोडील. उलट, भलत्या खुणेवर बक्षीस दिले तर तीही तितकीच पक्की होते! म्हणून सरावात काही वेळा माल कुठे ठेवला आहे हे श्वानचालकालाही सांगायचे नसते. नाहीतर कुत्रा वासाऐवजी त्याचा चेहरा वाचू लागतो.

वर्गात हे करून पाहता येते. एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा. इतरांनी एक कृती ठरवावी. फळ्यावरचा खडू उचलणे, समजा. तो आत आला की कोणी बोलायचे नाही. योग्य दिशेच्या प्रत्येक हालचालीला फक्त टिक. बेडूक नसेल तर बॉलपेनची कळ पुरते. टिक उशिरा वाजली की विद्यार्थी कसा गोंधळतो, याची नोंद मुलांनीच ठेवावी.