खांदेकऱ्यांच्या खांद्याला तेल



आपल्याकडे काही गावांत दहाव्याला एक रीत पाळतात. मयताला ज्यांनी खांदा दिला, त्या खांदेकऱ्यांच्या खांद्याला तेल लावतात, कुठे तूप लावतात. लहानपणी आम्हाला हा नुसता विधी वाटायचा. आता वाटतं, ही रीत ज्यांनी पाडली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. मेलेला माणूस गेला, घरचे रडून मोकळे होतात, पण वाहून नेणाऱ्याचा खांदाही दुखतो.

आज आम्ही अशाच खांदेकऱ्यांचा इतिहास सांगणार आहोत. संकटात सगळ्यांत आधी धावणारी माणसं, म्हणजे बचावाचे जवान, अग्निशमनवाले, पोलीस, रुग्णवाहिकेतले डॉक्टर, नर्स, आणि आपल्या आशाताई. या इतिहासासाठी लांब जायला नको, पुणं पुरेसं आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना गावाबाहेर, हडपसरकडच्या ससाणे मळ्यात होता. सावित्रीबाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतलं लागण झालेलं एक मूल पाठीवर घेऊन त्यांनी तिथे आणलं. मूल वाचलं. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो, सांगायलाच हवी. पण त्या मळ्यात रोज उलट्या पुसणारे, प्रेतं उचलणारे, आयांना मूल गेल्याचं सांगणारे आणखीही हात असतीलच. ते प्लेगने मेले नाहीत म्हणून ते धडधाकट राहिले, असंच सगळे धरून चालले. जिवंत परतलेल्याला काय झालंय हे विचारायची पद्धतच नव्हती.

मग १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि मुठेचं पाणी शनिवार, नारायण पेठांत, डेक्कनवर घुसलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. पाणी ओसरल्यावर शहरात चिखलाचा थर राहिला. तो उपसायला जवान आले, शाळा-कॉलेजातली मुलंही उतरली. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी त्या चिखलातून काय काय बाहेर काढलं असेल! पूरग्रस्तांसाठी पुढे वसाहती उभ्या राहिल्या, त्यात आजही माणसं राहतात. घर गेलेल्याला घर मिळालं. चिखल उपसणाऱ्याला घरी जाऊन आंघोळ कर म्हणाले, एवढंच.

किल्लारीचा भूकंप लातूरकडचा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. पण त्याचाही धागा पुण्याला येतो. भूकंपग्रस्त घरांतली सुमारे १२०० मुलं भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणली. आता विचार करा, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ कुणीतरी बसत असणार. मूल सांगायचं, भिंत कशी पडली, आई कुठे होती. ऐकणाऱ्याने किल्लारी पाहिली नव्हती, पण रोज ऐकून ऐकून भिंत त्याच्याही डोळ्यांपुढे पडायला लागली तर?

याच गोष्टीला १९९० साली लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी नाव दिलं. अत्याचार सोसलेल्यांवर उपचार करणाऱ्यांचंच मन हळूहळू बदलतं, हे त्यांनी मांडलं. जगावरचा विश्वास उडतो, प्रत्येक पुरुष संशयित वाटतो, आपलं पोर दाराबाहेर गेलं तरी जीव टांगणीला लागतो. इंग्रजीत याला ‘व्हायकेरियस ट्रॉमा’ म्हणतात. आम्ही त्याला ‘दुसऱ्याच्या दुःखाचा आघात’ म्हणू. याच्याआधी, पहिल्या महायुद्धात, असे हादरलेले शिपाई भित्रे ठरवले जायचे. आघातानंतरचा आजार डॉक्टरांच्या यादीत आला १९८० मध्ये, आणि प्रेतं गोळा करणारे किंवा कामापायी भीषण तपशील वारंवार पाहणारे-ऐकणारे लोक त्या आजाराच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत आले २०१३ मध्ये. म्हणजे सावित्रीबाईंनंतर एकशे सोळा वर्षांनी.

त्याच्या पुढच्याच वर्षी माळीण झालं. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. सकाळी एसटीच्या ड्रायव्हरला रोजच्या जागी गावच दिसेना. डोंगर गावावर आला होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याला असते, ती तिथे पोचली. पाऊस थांबत नव्हता, चिखल पुन्हा पुन्हा खाली येत होता. तीन महिन्यांचं बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली. त्यानंतर मात्र जवळजवळ प्रेतंच. एकूण १५१. जवानांनी काढली, आरोग्य खात्याच्या माणसांनी तपासली, आणि नातेवाइकांनी बांगडीवरून, साडीवरून ओळखली. या कामातल्या माणसाला महिन्याभरानं भाताचा वास सहन झाला नाही, तर तो नाटक करत नसतो. शरीराने वास लक्षात ठेवलेला असतो.

आणि कोरोना. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले, नायडू रुग्णालयात दाखल झाले. २२ मार्चला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. त्याच सुमारास नर्सबाईंना खोली सोडा म्हणणारे घरमालकही होते, हेही विसरायला नको. मरणाऱ्या माणसासमोर मोबाइल धरून त्याच्या लेकीशी बोलणं करून देणं, पुढचा मोबाइल, पुढची लेक. वैकुंठ स्मशानभूमीतल्या कामगारांचं तर नावही कुणी घेत नव्हतं. कौतुकाचा एक तोटा असतो. ‘तुम्ही देवमाणसं’ म्हटलं की देवमाणसाला ‘मला झोप येत नाही’ म्हणायची चोरी होते.

आता उपायाचं. यातही चुका झाल्यात. काही वर्षं अशी पद्धत होती की घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय पाहिलं ते एकेकाकडून वदवून घ्यायचं. पुढे तपासलं तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने आजार टळत नाही, उलट काहींना त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराचं जे पुस्तक काढलं, त्यात वेगळंच सांगितलं: पाहा, ऐका, जोडा. माणसाला काय हवंय ते पाहा. बोलावंसं वाटलं तर ऐका, उकरू नका. आणि घरच्यांशी, डॉक्टरांशी जोडून द्या. पहिल्या दिवसांत गरम जेवण, झोप, कोरडे कपडे आणि ‘उद्या तू नको जाऊस, दुसरी जाईल’ हे वाक्य, याला मोल आहे. पाळी बदलणं हा लाड नाही, औषधाइतकंच गरजेचं आहे.

बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. पण महिना उलटला तरी तीच दृश्यं दिसतात, झोप मोडते, माणूस घरच्यांवर खेकसतो, बाटली जवळ करतो, किंवा ‘मला आता कशाचंच काही वाटत नाही’ म्हणतो, तर डॉक्टरांकडे जायचं. त्या आठवणीवरच काम करणारे, ठरावीक बैठकींचे बोलण्याचे उपचार आहेत, त्यांनी गुण येतो. गरज पडली तर गोळ्याही असतात. पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे. गावातून निघता येत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटतंय असं कुणी बोललं तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन लावा आणि तिला एकटी सोडू नका.

हे सगळं आम्ही पुस्तकातून शिकलो म्हणावं तर तसं नाही. आमच्याच गटातल्या एक आशाताई जळालेल्या सुनेला घेऊन रात्री गाडीतून शहरात गेल्या होत्या. सून वाटेतच गेली. ताई दुसऱ्या दिवशी लसीकरणाला हजर! आम्ही शाबासकी दिली. दोन महिने त्यांनी घरात स्टो पेटवला नाही, सासूबाई पेटवायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

आता आमच्याकडे ठरलंय. जळीत, फाशी, बाळंतपणातलं मरण, अशा घरी जाताना दोघींनी जायचं. परतल्यावर दोघींच्या घरी त्या दिवशी बाकीच्यांनी भाकरी पोचवायची. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब आधी व्हायचा, आता त्याआधी विचारतो, या महिन्यात कोण कुठे धावून गेलं होतं. सुरुवातीला सगळ्या गप्प बसायच्या. गेल्या बैठकीत हिशेबाची वही उघडायला साडेपाच वाजले.