जुनी नौका विकत घेताना: सुहैली, तृष्णा आणि आपण

नागपुरात उभं राहून शिडाच्या नौकांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला निघालो तरी समुद्र लांबच. पण जुनी वस्तू पारखून घेणं आपल्याला नवीन नाही. जुनी स्कूटर घेताना आपण किक मारतो, धूर पाहतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, आणि मालक ती का विकतोय हे आडून आडून विचारतो. जुनी नौका घेणारा माणूसही जगभर हेच करतो. फरक इतकाच की स्कूटर बंद पडली तर ढकलत घरी आणता येते.

आजचा आमचा मुद्दा एकच आहे. जुनी नौका विकत घेणारा तिची राहिलेली दुरुस्ती विकत घेतो. हे ज्याला मान्य असतं, त्याच्याच हातून इतिहास घडतो. दोन-तीन नौकांच्या गोष्टींतून हे पाहू.

पहिली गोष्ट मुंबईची. 1960 च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश बोट-अधिकारी मुंबईच्या बंदरात ये-जा करत असे. त्याने इथे स्वतःसाठी सागवानी नौका बांधायला घेतली. आराखडा अमेरिकेतल्या विल्यम अॅटकिन यांचा, जुन्या नॉर्वेजियन धाटणीचा: जाड, गोलसर, दोन डोलकाठ्यांची. हात मुंबईच्या सुतारांचे. वाकसाने लाकूड तासायचं आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने भोकं पाडायची, अशी ती पद्धत. डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून नौका पाण्यात सोडली. नाव ठेवलं सुहैली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात.

पुढे 1968 साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टनला त्यासाठी नवी पोलादी नौका हवी होती. आराखडाही तयार होता, पण पैसे देणारा कोणी भेटेना. मग नाइलाजाने तो मुंबईच्या सुहैलीतूनच निघाला. लोकांना ही नौका फार संथ वाटायची. निघाल्यावर काही आठवड्यांतच ती तळाच्या फटींतून पाणी घेऊ लागली. या माणसाने भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुडी मारून फटीत कापूस ठोकला आणि त्यावर तांब्याची पट्टी बसवली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीने मारावं लागलं. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, सुहैली फाल्मथला परतली. नऊ जण निघाले होते. शर्यत पुरी केली ती या एकानेच.

आता दुसरी गोष्ट, आपली. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा कोणत्या नौकेतून झाली? तृष्णा. लष्कराच्या अभियंता दलाची, म्हणजे ज्यांचं महाविद्यालय पुण्याला दापोडीत आहे, त्या दलाची ही नौका. आणि ती जुनी होती. फिनलंडमध्ये बांधलेली, 37 फुटी, फायबरग्लासची स्वान जातीची नौका. इंग्लंडात विकत घेतली तेव्हा तिचं वय दहा-पंधरा वर्षांचं होतं.

नवी का नाही घेतली? परकीय चलन जपून वापरायचा तो काळ. अशा नौका बांधण्याचा धंदाही आपल्याकडे तेव्हा उभा राहिला नव्हता. पण जुनी घेण्यात एक फायदाही झाला. आपल्या जवानांनी ती जहाजावर चढवून आणली नाही, तर इंग्लंडहून मुंबईपर्यंत स्वतः चालवत आणली. आमच्या मते ही खरी परीक्षा. बंदरात उभी असलेली नौका बहुतेक वेळा छानच दिसते. तिचे दोष कळतात ते वारा वाढल्यावर.

पारख करतात तरी कशी? आधी नौका पाण्याबाहेर काढायची. लाकडी असेल तर संशय येईल तिथे टोच्याने टोचून पाहायचं आणि बोल्टभोवती काळे डाग आहेत का ते बघायचं. लोखंड गंजलं की भोवतालचं लाकूडही खराब होतं. फायबरग्लासची असेल तर हातोडीने हलकं ठोकत जायचं. आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेत. तळाला फोड असतील तर पाणी आत शिरलंय. मग डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा आणि कणा, म्हणजे कील, धरून ठेवणारे बोल्ट. एवढं करूनही जो म्हणतो की आता खर्च संपला, त्याने होडी न घेतलेली बरी.

तृष्णा 28 सप्टेंबर 1985 ला मुंबईहून निघाली आणि 10 जानेवारी 1987 ला मुंबईलाच परतली. जवळजवळ 470 दिवस. नेतृत्व होतं लेफ्टनंट कर्नल के. एस. राव यांचं. पुढे 2009 साली कमांडर दिलीप दोंदे एकट्याने प्रदक्षिणेला निघाले, ते गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या नव्याकोऱ्या म्हादेईतून. तरीही आम्हाला वाटतं, ती वाट तृष्णाने आधी दाखवून ठेवली होती.

आणि जुन्या नौकांचे दिवस संपलेले नाहीत. अभिलाष टॉमी 2018 च्या शर्यतीत वादळात सापडून जबर जखमी झाले. 2022 मध्ये ते पुन्हा उतरले, बायानत नावाच्या 36 फुटी रस्टलरमधून. या शर्यतीचा नियमच असा आहे की नौकेचा आराखडा 1988 पूर्वीचा हवा. 29 एप्रिल 2023 ला ते दुसरे आले. वाटेत स्वयंचलित सुकाणूची दुरुस्ती करताना त्यांनी संडासाच्या दाराचं लाकूड वापरलं! हसू येतं, पण जुनी नौका चालवणं म्हणजे हेच.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. सुहैलीला 1997 मध्ये मानाने ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवलं. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. मालकाने तिला बाहेर काढलं आणि परत पाण्यात नेलं. आपल्या मोतीबागेतलं नॅरोगेजचं इंजिन रुळावर उभं राहून जपता येतं. लाकडी नौकेला मात्र पाणी लागतं.

आणि आपण काय केलं? अर्धवट बांधून पडलेली विमानवाहू नौका आपण 1957 साली ब्रिटनकडून घेतली. तिची विक्रांत झाली, 1971 च्या युद्धात ती लढली, आणि 2014 मध्ये आपण ती भंगारात काढली. उलट मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली बांधलेली सागवानी ट्रिंकोमाली 1897 मध्ये भंगारात जाता जाता एका इंग्रजाने विकत घेतली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. जुनं घेऊन वापरणं आपल्याला जमतं, हे तृष्णाने दाखवलं. वापरून झालेलं सांभाळणं अजून शिकायचं आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.