तारण, शांती आणि आपली मराठी

पांढुर्णा आणि सौंसर येथील जुन्या मराठी घरांत पाप, पुण्य, मुक्ती हे शब्द ग्रंथांच्या आधी भजन-कीर्तनातून आले. ख्रिस्ती धर्माने याच शब्दांना निराळा अर्थ दिला आणि तो मराठीत रुजवला, तो इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती, आणि त्या नागपुरात १८४५ साली स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप यांनी मिशनचे कार्य आरंभिले होते. छिंदवाड्यातही पुढे स्वीडनच्या लुथरन मिशनऱ्यांनी ठाण मांडले.

तथापि या शिकवणीला अस्सल मराठी रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. कोकणात जन्मलेले हे कवी १८९१ च्या सुमारास नागपुरात आले. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती मतानुसार पाप म्हणजे केवळ एखादे दुष्कृत्य नव्हे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ 'नेम चुकणे' असा आहे. मनुष्य ईश्वरापासून दुरावला, हे मूळ पाप. बाकीची पापे ही त्याची फळे. हे अंतर मनुष्याला स्वतःच्या पुण्याईने तोडता येत नाही. ते ईश्वराच्या कृपेनेच मिटते, असे हा धर्म सांगतो. यासाठी मराठी ख्रिस्ती लेखकांनी 'तारण' हा शब्द योजिला. आपल्या शेतकऱ्याला तो सावकाराच्या वहीतूनही ठाऊक आहे: कर्जापोटी ठेवावयाची वस्तू म्हणजे तारण. दुसऱ्याने आपल्यासाठी स्वतःला गहाण टाकून ऋण फेडावे, हा ख्रिस्ताच्या क्रूसाचा अर्थ त्या शब्दात नकळत उतरला. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका अभिप्रेत आहे. तारणात तुटलेले नाते पुन्हा जुळणे. भेद आहे तो हा.

टिळकांना हा विचार परक्या वेषात नको होता. त्यांनी अभंग रचिले, कीर्तने केली आणि ख्रिस्ताकडे जाण्याची आपली वाट तुकोबांवरूनच गेली, असे ते आवर्जून सांगत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही तेथे स्थान होते. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले.

परंतु या शांतीची किंमत कोणी मोजली, हाही प्रश्न आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दुरावल्या. धर्म, आचार, आप्तेष्ट या सर्वांची ओढाताण त्यांनी सोसली. पुढे त्या पतीकडे परतल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोही स्वतःच्या विचाराने. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त हा काळ त्यांनी कडवटपणाशिवाय, किंबहुना हसतखेळत सांगितला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्णत्वास नेले. खरी शांती म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे, तर दुःखातही नाते न तुटू देणे. तिची ओळख प्रवचनापेक्षा या चरित्रात अधिक पटते.

आम्हां सीमेवरील मराठी माणसांना यात एक जिव्हाळ्याची गोष्ट दिसते. १९५६ मध्ये प्रांत बदलला, २०२३ मध्ये पांढुर्णा हा निराळा जिल्हा होऊन सौंसरही त्यात आले. पण घरातील भाषा टिकली. टिळक दांपत्याने धर्म बदलला, पण ओवी आणि अभंग सोडले नाहीत. ते ज्याला शरण गेले त्यालाही त्यांनी मराठीतच हाक मारली. कोणाची श्रद्धा कोठे जडावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ती व्यक्त करावयास आपली भाषा पुरेशी समर्थ आहे, हे त्यांनी सिद्ध केले. हा वारसा ख्रिस्ती समाजाइतकाच आपलाही आहे.