मेंडोलिन घडविणारे दोन कारागीर

व्हायोलिन येणाऱ्या मनुष्याच्या हातीं मेंडोलिन दिलें तर त्याच्या डाव्या हाताचीं बोटें नव्यानें शिकवावीं लागत नाहींत. दोन्ही वाद्यांच्या तारा सोल, रे, ला, मी ह्याच स्वरांत जुळवितात. भेद इतकाच कीं मेंडोलिनवर प्रत्येक स्वराच्या दोन दोन, म्हणजे एकंदर आठ तारा असतात, आणि त्या गजाऐवजीं नखीनें छेडाव्या लागतात. गोव्यांतील देवळांच्या शाळांतून व्हायोलिन शिकून मुंबईच्या वाद्यवृंदांत गेलेल्या वादकांना हें वाद्य परकें वाटण्याचें कारण नव्हतें. चित्रपटसंगीतांत सज्जाद हुसेन (१९१७-१९९५) व लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७-१९९८) ह्यांचीं नांवें मेंडोलिनशीं कायमचीं जडलीं आहेत. वाजविणारांची स्तुति पुष्कळ झाली आहे. ती यथायोग्यच आहे. ह्या लेखांत मात्र घडविणारांविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत.

मेंडोलिनला देवळाच्या जवळपास एकदां मोठा मान मिळाला होता. व्हेनिस शहरीं पिएता नामक अनाथाश्रमांतील मुलींना संगीत शिकविणारे धर्मगुरु आंतोनियो व्हिवाल्दी ह्यांनीं १७१६ सालीं युदितेच्या कथेवर रचिलेल्या ओरातोरियोंत एका गीताच्या साथीला मेंडोलिन योजिलें. पुढें १९०३ सालीं पोप दहावे पायस ह्यांनीं उपासनेंतील संगीताविषयीं आज्ञापत्र काढिलें. त्यांत ऑर्गनला पहिला मान दिला, पियानो व ढोल-झांजांसारखीं गलबल्याचीं वाद्यें वर्ज्य केलीं, आणि इतर वाद्यांस बिशपांच्या अनुमतीची मर्यादा घातली. आमचें वाद्य मुख्यतः घरांत, अंगणांत आणि गल्लींतच वाढलें.

व्हिवाल्दींच्या काळचें मेंडोलिन आंतड्याच्या तारांचें होतें. आज आपण पाहतों तो घाट अठराव्या शतकाच्या मध्यास नेपल्समध्यें विनाच्चिया घराण्याच्या कारखान्यांतून पुढें आला, व त्याच घराण्यांतील पास्क्वाले ह्यानें १८३५ च्या सुमारास त्याला पोलादी तारा जोडिल्या असें मानितात. हा बदल दिसण्यांत लहान, परंतु त्यामुळें कारागिराच्या डोक्यावर केवढा भार आला! आठ पोलादी तारांचा एकत्र ताण पन्नास किलोंहून अधिक भरतो, आणि तो सोसावयाचा कोणीं? दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या स्प्रूसच्या तबलीनें. तबली जाड केली तर वाद्य मुकें होतें. पातळ ठेविली तर घोडीखालीं खचते. नेपल्सच्या कारागिरांनीं तोड अशी काढिली कीं घोडीच्या किंचित् मागें तबली तापलेल्या लोखंडानें दाबून तिला आडवा बाक द्यावयाचा. म्हणजे पातळ फळीहि कमानीप्रमाणें भार पेलते.

वाद्याचें पोट सतारीच्या भोपळ्याप्रमाणें आयतें मिळत नाहीं. मेपल किंवा शिसवी लांकडाच्या वीस-तीस अरुंद पट्ट्या पाणी लावून गरम लोखंडावर वांकवावयाच्या, साच्यावर एकेक बसवावयाची, शेजारच्या पट्टीशीं कड तंतोतंत जुळेपर्यंत रंधा मारावयाचा, आणि ऊन सरसानें चिकटवावयाची. आंतून कागद डकवितात, म्हणजे सांधे सुटत नाहींत. एका पट्टीची कड चुकली कीं चूक पुढील प्रत्येक पट्टींत शिरते.

ह्या कलेंत रोमजवळच्या प्रांतांतील आर्पिनो गांवाचा लुइजी एम्बर्गर हा फार वरच्या पायरीचा कारागीर झाला. (सिसेरोचें जन्मगांव तें हेंच.) त्याचा जन्म १८५६ चा. आर्पिनोंत व रोममध्यें त्याचे कारखाने होते. नवशिक्याच्या साध्या वाद्यापासून मैफलीच्या उंची वाद्यापर्यंत त्यानें श्रेणी पाडिल्या होत्या, आणि व्हायोलिनच्या कुटुंबाप्रमाणें मेंडोलिनचेंहि लहानमोठें कुटुंब त्यानें घडविलें. मुख्य म्हणजे त्यानें शिष्य तयार केले. १९४३ सालीं तो वारल्यावर चेरोने घराण्यानें व पास्क्वाले पेकोरारोनें त्याच वळणाचें काम चालू ठेविलें.

त्याच १८५६ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत ऑर्विल गिब्सन जन्मला. हा मिशिगनमधील कॅलामझू शहरीं जोड्यांच्या दुकानांत नोकरी करी, व उरल्या वेळीं हातानें वाद्यें घडवी. ह्या गृहस्थाचें मत इटालियन परंपरेच्या थेट विरुद्ध होतें. उष्णतेनें वांकविलेलें लांकूड नेहमीं ताणांत असतें आणि म्हणून मोकळेपणीं नाद देत नाहीं, असें त्याचें म्हणणें. म्हणून त्यानें बाजू वांकविण्याऐवजीं अखंड लांकडांतून कापून काढिल्या, आणि तबली व पाठ व्हायोलिनप्रमाणें कोरून उंचवटा दिला. १८९८ सालीं त्याला पेटंट मिळालें. १९०२ सालीं कांहीं व्यापाऱ्यांनीं २,५०० डॉलर देऊन त्याचे हक्क घेतले आणि कंपनी काढिली. कंपनीवर नांव त्याचें राहिलें, कारभार राहिला नाहीं. पुढें प्रकृति ढासळून १९१८ सालीं तो वारला. आणि ज्या तत्त्वासाठीं त्यानें पेटंट घेतलें, तें कंपनीनेंच कालांतरानें सोडून बाजू वांकविण्यास आरंभ केला! कंपनीचें सर्वांत नांवाजलेलें मेंडोलिन १९२२ सालीं लॉइड लोर ह्याच्या देखरेखीखालीं तयार झालें, तेव्हां ऑर्विलला जाऊन चार वर्षें झालीं होतीं.

मग खरें कोणाचें? प्रस्तुत लेखकास वाटतें कीं लांकडाविषयीं ऑर्विलची शंका अतिशयोक्तीची होती. वांकविलेल्या पट्ट्यांचीं एम्बर्गरचीं वाद्यें उत्तम बोलतात. परंतु कोरलेल्या तबलीचें त्याचें धोरण टिकलें, हेंहि नाकारितां येत नाहीं. त्याला उणीव होती ती शिष्यांची.

आजहि घरच्या पडवींत मेंडोलिन करणारे हौशी लोक देशोदेशीं आहेत. त्यांपैकीं बहुतेक चपट्या पाठीचें किंवा कोरीव वाद्य पत्करितात, कारण गोल पोटासाठीं आधीं साचा हवा. पडद्यांचें गणित मात्र दोघांनाहि सारखेंच: घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची लांबी ३३ सेंटिमीटर धरिली तर तिला १७.८१७ नें भागून पहिला पडदा १.८५ सेंटिमीटरवर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा तितक्यानेंच भागून दुसरा, आणि बारावा बरोबर मध्यावर पडतो. हें जुळलें कीं तारा चढवावयाच्या. त्याहि एकदम नव्हे, हळूहळू. ला स्वर ४४० वर आणून वाद्य रात्रभर तसेंच ठेवावयाचें, आणि सकाळीं घोडीजवळ पट्टी आडवी धरून तबली किती खालीं बसली तें पाहावयाचें.