तीन पिढ्या, तीन मासिकं आणि आपली मिरज

मिरज म्हटलं की आपल्याकडे तीन गोष्टी हमखास निघतात. दवाखाने, रेल्वे जंक्शन आणि सतारी. चौथी गोष्ट फारशी कुणी काढत नाही, म्हणून आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

ही चौथी गोष्ट म्हणजे एक मासिक. नाव 'संगीत कला विहार'. १९४७ साली निघालं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मासिक, आणि मंडळाचं मिरजेशी नातं जुनं. संपादक प्रा. बी. आर. देवधर. हेही मिरजेचेच, जन्म १९०१ चा. संस्थेचं मासिक म्हटल्यावर आपल्याला वाटतं, असणार परीक्षांचे निकाल आणि सभेचा वृत्तांत. पण देवधरांनी त्यात एक वेगळं काम केलं. त्यांनी गवयांवर लिहिलं. आणि 'अमुक बुवांनी मैफल रंगवली' असलं नव्हे. हा माणूस कुठून आला, कुणाकडे शिकला, तालीम कशी मिळाली, काय खस्ता खाल्ल्या, गळा कसा कमावला आणि एवढं सगळं कशासाठी, असं लिहिलं.

पण याची मुळं अजून मागे आहेत.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. जन्म १८४९. गाणं शिकायचं या एका वेडापायी घर सोडलं, वणवण केली, ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे गुरुसेवा करून ख्याल गायकी मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणली. या बुवांनी मुंबईत असताना 'संगीत दर्पण' नावाचं मासिक काढलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? ज्या काळात घराण्याची चीज दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून गवई जपायचे, त्या काळात एक गवई संगीतावर छापील मासिक काढतो! ते फार चाललं नाही. दम्यानं बुवांना मुंबई सोडायला लावली आणि ते मिरजेला आले.

मिरजेत त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला आला. कुरुंदवाडचा, जन्म १८७२. लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळ्यांना इजा झालेली, उपचारासाठी मिरजेला आणलेला. दृष्टी अधू झाली, पुस्तकी शिक्षण अवघड, म्हणून गाण्याकडे वळला. मिरजेच्या राजेसाहेबांनी आसरा दिला. हेच पुढचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ साली त्यांनी थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. स्वतःची स्वरलिपी केली, पुस्तकं छापली आणि गुरूप्रमाणे मासिकही काढलं, 'संगीतामृत प्रवाह'. पुढे मुंबईची विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. १९३१ साली पंडितजी मिरजेतच वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं.

देवधर हे याच पलुसकरांचे शिष्य. म्हणजे बघा, गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य, तिघांनीही मासिकं काढली. गाणं तोंडातोंडी चालतं, पण गाणाऱ्याची गोष्ट कागदावर यायला हवी, हे तिघांनाही कळलं होतं.

देवधरांनी १९२५ साली मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. कुमार गंधर्व तिथंच घडले. या शाळेत बड्या बड्या गवयांचं येणं-जाणं असायचं. देवधर स्वतः गाणारे, पाश्चात्त्य संगीतही शिकलेले, आणि त्यांना कुठल्याही घराण्याचं वावडं नव्हतं. त्यामुळे समोरचा मोकळा व्हायचा. अल्लादियाखाँ, अब्दुल करीमखाँ, बडे गुलाम अली, फकिरासारखे राहणारे सिंदेखाँ, अशा कितीतरी जणांवर त्यांनी लिहिलं. मासिकातल्या त्या लेखांचं पुढे 'थोर संगीतकार' हे पुस्तक झालं, इंग्रजीतही गेलं. आज या गवयांविषयी काही लिहायचं झालं तर अभ्यासकाला देवधरांकडे यावंच लागतं. सिंदेखाँसारख्या माणसाचं तर देवधरांनी लिहिलं नसतं तर आपल्या हाती काय उरलं असतं?

आता १९४७ सालच ध्यानात घ्या. पुढच्याच वर्षी मिरज, सांगली, औंध ही संस्थानं विलीन झाली. राजाश्रय गेला. गवयाला सांभाळणारा दरबार गेल्यावर त्याची आठवण तरी कोण सांभाळणार? ते काम एका मासिकानं अंगावर घेतलं. माझ्या मते ते टिकलं याचं कारण साधं आहे. आधीची दोन मासिकं एकेका माणसाच्या जिवावर उभी होती. याच्यामागे गावोगावचे संगीत शिक्षक आणि विद्यार्थी होते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांची मातीच अशी आहे. किन्हईचे अंतुबुवा जोशी बाळकृष्णबुवांचेच शिष्य, औंध दरबारचे गायक. त्यांनी १९४० साली गुरुस्मरणार्थ सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव आजही भरतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचं गणित मांडत होते. साताऱ्याचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना सामील झाले, आणि प्रयोगाला गळा अब्दुल करीमखाँसाहेबांचा. जज्ज, कलेक्टर कचेरीतला माणूस आणि उस्ताद एकत्र बसून 'हा स्वर नेमका कुठं लागतो' यावर डोकं लावतायत. केवढी ती हौस!

मग आज काय?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. आनंदच आहे. बातम्या झाल्या, फोटो झाले. पण मानांकन वाद्याला मिळालं. ते करणाऱ्या माणसाची गोष्ट कुठाय? हत्यारांना धार लावणारे शिकलगार फरीदसाहेब सतारीकडे वळले आणि त्यातून हा धंदा उभा राहिला, एवढं आपण सांगतो आणि थांबतो. मंगळवेढा-पंढरपूर भागातनं आलेल्या भोपळ्यांतला नेमका कोणता उचलायचा हे कारागीर कसं ठरवतो? जवारी काढताना त्याचा कान काय ऐकतो? पोराला हे शिकवावं की नोकरीला लावावं, यावर घरात काय बोलणं होतं? हे विचारणारा देवधर आपल्याकडे नाही. बातमी येते ती सत्काराची. पाहुण्यांची नावं ओळीनं सात, आणि कारागिराचं नाव शेवटून दुसरं.

मी गेली वीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय. माझं स्पष्ट मत आहे की कला नुसत्या अनुदानानं जगत नाही. तिच्यातल्या माणसाला 'तू हे कसं करतोस आणि का करतोस' असं कुणीतरी आस्थेनं विचारावं लागतं, आणि उत्तर लिहून ठेवावं लागतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे जमलं. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगची सोय असताना का जमू नये?

म्हणून दोन विनंत्या. कुणाच्या माळ्यावर 'संगीत कला विहार'चे जुने अंक पडले असतील तर रद्दीत घालू नका, जवळच्या वाचनालयात द्या. आणि तुमच्या गल्लीत तंबोऱ्याला तारा चढवणारा, मूर्ती घडवणारा, जुन्या चाली पाठ असलेला कुणी म्हातारा माणूस असेल तर या रविवारी त्याच्याजवळ तासभर बसा. विचारा, आणि लिहून ठेवा.

तो माणूस गेल्यावर आपण श्रद्धांजली छान लिहितो. त्याच्याशी आधी बोलू या.