सी.पी.-बेरार सर्किट आणि साठच्या दशकातला जगाचा सिनेमा

चित्रपट व्यवसायाचा नकाशा सरकारी नकाशाप्रमाणे बदलत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्राचा भाग झाले. वितरकांच्या वहीत मात्र हा मुलूख पुढेही ‘सी.पी.-बेरार’च राहिला. विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड मिळून झालेल्या या टापूचे हक्क मुंबईचा निर्माता एकत्र विकत असे. त्या व्यापाराच्या पेढ्या अमरावती आणि भुसावळ इथे होत्या. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन, तर अमरावती कापसाच्या पैशाची बाजारपेठ. वऱ्हाडातल्या माणसाने साठच्या दशकात कोणता सिनेमा पाहिला आणि कोणता त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, हे या पेढ्यांच्या व्यवहारावरून कळते.

वितरक एका चित्रपटाच्या मोजक्याच प्रिंट घेत असे. रिळांचे पत्र्याचे डबे पेटीत घालून रेल्वे पार्सलने निघत. आधी अमरावती-अकोल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला आणि शेवटी तंबूच्या टॉकीजला, असा त्यांचा प्रवास. खेड्यात पोचेपर्यंत प्रिंटवर रेघा उमटलेल्या असत आणि तुटलेल्या जागी चिकटवताना काही भाग कापलेला असे. अमरावतीत चित्रा, प्रभात, श्याम अशी चित्रपटगृहे होती आणि त्यांच्या नावांचे चौक आजही शहराचे पत्ते सांगतात. अकोल्यात माणेक टॉकीजचे नाव मोठे होते. वलगाव अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, शहरापासून जेमतेम दहा किलोमीटरवरचे गाव. अशा गावच्या माणसाला सिनेमा पाहायचा तर शहर गाठावे लागे, नाहीतर यात्रेत उभ्या राहणाऱ्या तंबूची वाट पाहावी लागे. कापूस विकून हातात पैसा येण्याचे दिवस आणि यात्रांचे दिवस जवळपास एकच, म्हणून तंबूवाल्यांचा हंगामही तोच.

याच वर्षांत जगभर सिनेमाची भाषा मुळापासून बदलत होती. फ्रान्समध्ये त्रुफोचा ‘फोर हंड्रेड ब्लोज’ 1959 मध्ये आणि गोदारचा ‘ब्रेथलेस’ 1960 मध्ये आला, आणि स्टुडिओ सोडून रस्त्यावर चित्रण करणारी तरुण पिढी पुढे आली. इटलीत अँतोनिओनीने ‘लाव्हेंतुरा’मध्ये हरवलेल्या बाईचा शोध अर्ध्यावर सोडून दिला, तर फेलिनीने 1963 च्या ‘एट अँड अ हाफ’मध्ये दिग्दर्शकाच्या अडलेल्या मनालाच कथानक केले. चेकोस्लोव्हाकियात यिरी मेंझेलचा ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ 1966 मध्ये आला. त्याच वर्षी सेनेगलच्या उस्मान सेंबेनने ‘ब्लॅक गर्ल’ केला, आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धावरचा ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’ही त्याच वर्षीचा. प्रयोगशील सिनेमाच्या बरोबरीने धंद्याचा सिनेमाही बदलला. हिचकॉकने ‘सायको’त नायिकेला चित्रपट अर्धा होण्याआधीच मारले. कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून (1961) सर्जिओ लिओनीने 1964 मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ बेतला. अमेरिकेचा वेस्टर्न जपानमार्गे इटलीत गेला आणि तिथून पुन्हा जगभर पसरला.

यातले फारच थोडे महाराष्ट्रात आले. हॉलिवूडचे चित्रपट तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेशी झालेल्या कराराने येत आणि मुंबई-पुण्याच्या ठरावीक चित्रपटगृहांत लागत. जिल्ह्याच्या गावी त्यांच्या वाट्याला आला तर मॅटिनीचा नाहीतर सकाळचा खेळ. फ्रेंच, इटालियन किंवा पोलिश चित्रपटाला तर खरेदीदारच नव्हता. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव 1952 मध्ये मुंबईत सुरू झाला होता, पण 1961, 1965 आणि 1969 चे महोत्सव दिल्लीत झाले.

महाराष्ट्रापुरती खिडकी उघडली ती पुण्यात. प्रभात फिल्म कंपनीच्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी जगभरचे चित्रपट मिळवले आणि सतीश बहादूर यांनी ते कसे पाहावेत हे शिकवले. ‘संत तुकाराम’ जिथे घडला त्या जागेत बर्गमन आणि कुरोसावा दाखवले जाऊ लागले, ही मराठी सिनेमाच्या इतिहासातली मोठी घटना आहे आणि तिची नोंद हवी तेवढी घेतली गेलेली नाही. ऋत्विक घटक तिथे काही काळ शिकवत होते, मणी कौल आणि कुमार शहानी तिथले विद्यार्थी. मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला सभासद होऊन परदेशी चित्रपट पाहण्याची सोय झाली. पण फिल्म सोसायटीला प्रोजेक्टर, सभागृह, वर्गणीदार आणि दूतावासांशी संपर्क लागतो. वऱ्हाडात या सगळ्याची एकत्र जुळणी त्या काळी कठीण होती.

तरीही जगाचा सिनेमा वऱ्हाडात आला, तो वेगळ्या वेशात. जे प्रकार तिकडे चालत, ते हिंदी निर्मात्यांनी उचलले. ‘बीस साल बाद’ (1962) शेरलॉक होम्सच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’वरून सुचला होता. राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाने 1965 मध्ये ‘गुमनाम’ केला, त्याचा सांगाडा अगाथा ख्रिस्तीचा. जेम्स बाँडचा पहिला चित्रपट 1962 चा. पाच वर्षांत ‘फर्ज’मधून हिंदी गुप्तहेर अमरावती-अकोल्याच्या पडद्यावर धावू लागला. लिओनी आणि कुरोसावा यांचे ठसे तर ‘शोले’तून 1975 मध्ये खेड्यापाड्यात पोचले. हे नुसते अनुकरण म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. रहस्यपट किंवा वेस्टर्न म्हणजे काय, हे वऱ्हाडी प्रेक्षकाला याच चित्रपटांनी शिकवले. त्यांत गाणी होती आणि कुटुंब होते म्हणूनच ते सर्किटमध्ये विकले गेले.

मराठीतून हिंदीत जाणारी वाटही होती. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) हा जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा रहस्यपट, त्यावरून राज खोसला यांनी 1966 मध्ये ‘मेरा साया’ काढला. त्या दशकातला मराठी सिनेमा बहुतांशी तमाशापट आणि कौटुंबिक कथा यांवर उभा होता. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये आला, पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला आणि पुढची दहा-पंधरा वर्षे निर्माते फडाच्या कथांमागे लागले. त्याच माने यांनी 1961 मध्ये ‘मानिनी’ केला, मधुकर पाठक यांचा ‘प्रपंच’ही त्याच वर्षीचा. ‘प्रपंच’मधले गरीब कुंभाराचे घर पाहताना इटलीच्या नववास्तववादाची आठवण होते, पण त्याची माती मराठी आहे.

सर्वांत अनपेक्षित वाट होती सरकारी माहितीपटांची. मुख्य चित्रपटाआधी सुमारे दोन हजार फूट मंजूर लघुपट आणि वार्तापट दाखवणे प्रत्येक चित्रपटगृहाला बंधनकारक होते. प्रेक्षक बाहेर बिडी ओढत थांबत किंवा उशिरा येत, म्हणून या फितींना कोणी फार किंमत दिली नाही. पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फिल्म्स डिव्हिजनमध्ये जाँ भावनगरी यांनी तरुणांना मोकळीक दिली आणि तिथे खरेखुरे प्रयोग झाले. एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अॅम ट्वेंटी’ (1967) स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर बोलते करतो. सुखदेव यांनी ‘इंडिया 67’मध्ये निवेदकाचा आवाज न ठेवता देश दाखवला. प्रमोद पती यांनी प्राग इथे यिरी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांचे ॲनिमेशन शिकले होते. त्यांचा ‘एक्सप्लोरर’ (1968) प्रतिमांच्या झपाट्याने चक्रावून टाकतो. गोदारचा चित्रपट विकत घेणारा वितरक वऱ्हाडात नव्हता. त्याच काळातली धिटाई मात्र, कायद्याच्या बळावर का होईना, मुख्य चित्रपटाच्या तिकिटातच दिसण्याची सोय होती. आपल्याकडचा प्रयोगशील सिनेमा फक्त महानगरांत पाहायला मिळाला, असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घेतली पाहिजे.

वऱ्हाडाने या दशकाला दिग्दर्शकही दिला. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे दत्तात्रय मायाळू ऊर्फ राजदत्त पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून आले नाहीत. ते राजा परांजपे यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून शिकले. पटकथा, नटाचे काम आणि संकलन सेटवर शिकायचे ही स्टुडिओकाळातली जुनी पद्धत. इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमाचे नवे शिक्षण सुरू झाले तेव्हाही मराठी धंदा त्याच पद्धतीवर चालत होता. राजदत्त यांनी 1967 मध्ये ‘मधुचंद्र’ आणि 1969 मध्ये ‘अपराध’ दिग्दर्शित केला. एक हलकाफुलका, दुसरा गंभीर. 1977 मध्ये त्यांनी ‘देवकीनंदन गोपाला’ केला. गाडगे महाराजांवरच्या या चित्रपटाची कथा गो. नी. दांडेकर यांची आणि महाराजांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीकाठी त्यांचे निधन झाले. त्यांचे आयुष्य पडद्यावर आणणारा दिग्दर्शकही त्याच जिल्ह्याचा निघाला.

1971 मध्ये अमेरिकी कंपन्यांशी असलेला करार संपला आणि काही वर्षे हॉलिवूडची आयात जवळजवळ थांबली. साठच्या दशकातले शिक्षण मात्र मराठीत याच सुमारास दिसू लागले. सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1971 मध्ये आला. पुढच्या वर्षी व्ही. शांताराम यांनी ‘द ब्लू एंजल’ या 1930 च्या जर्मन चित्रपटावरून ‘पिंजरा’ केला, आणि 1975 मध्ये जब्बार पटेल यांचा ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला.