जागच्या जागी धावणारे इंजिन : रोलिंग रोडचा इतिहास आणि वऱ्हाडातील 'शकुंतला'चा वारसा

प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात कापूस आणि रेल्वे यांचे नाते अतूट आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके मुंबईच्या बाजारपेठेशी जोडली गेली. पुढे किलिक निक्सन कंपनीने 1910 मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा 762 मि.मी. रुंदीचा नॅरोगेज मार्ग अस्तित्वात आला. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे त्याचे केंद्र होते. तेथून एक फाटा अमरावती जिल्ह्यातील अचलपूरकडे, तर दुसरा यवतमाळकडे जात असे. या गाडीलाच लोकांनी 'शकुंतला' हे नाव दिले. मँचेस्टर येथे 1921 मध्ये तयार झालेले 'झेडडी' वर्गाचे बाष्प इंजिन तिने सत्तर वर्षांहून अधिक काळ वापरले. एप्रिल 1994 मध्ये त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली आणि पुढे प्रवासी सेवाही थांबली.

इंजिनाचा सांगाडा संग्रहालयात ठेवता येतो. परंतु ते कसे चालत असे, याचे ज्ञान सांगाड्यातून मिळत नाही. या दृष्टीने बाष्प इंजिन जागेवरच चालवून तपासणाऱ्या 'रोलिंग रोड' या साधनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा उगम व विकास

धावत्या गाडीवर इंजिनाची चाचणी घेताना चढ, वारा, वळणे व गाडीचा भार सतत बदलतात. त्यामुळे दोन चाचण्यांची तुलना करणे कठीण होते. यावर उपाय म्हणून रशियन अभियंता अलेक्झांडर बोरोदिन यांनी 1880 च्या दशकाच्या आरंभी कीव्ह येथे इंजिनाची चालक चाके उचलून त्यावर स्थिर प्रयोग केले. मात्र चालक चाके रोलरवर टेकवून संपूर्ण इंजिन चालविण्याची पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात. प्रा. विल्यम गॉस यांनी तेथे 1891 मध्ये 'श्केनेक्टडी' हे इंजिन प्रयोगशाळेत आणले. 1894 मध्ये ही इमारत आगीत नष्ट झाली, तरी केंद्र पुन्हा उभारले गेले. या साधनाची ही जडणघडण विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या संस्थेत झाली, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यानंतर पेनसिल्व्हेनिया रेल्वेने 1904 च्या सेंट लुईस प्रदर्शनात आपले केंद्र उभारले व नंतर ते अल्टूना येथे हलविले. इंग्लंडमध्ये स्विंडन येथे जी. जे. चर्चवर्ड यांच्या काळात, तर फ्रान्समध्ये व्हित्री येथे 1933 मध्ये अशी केंद्रे सुरू झाली. इंग्लंडमधील रग्बी येथील केंद्र 1948 मध्ये, म्हणजे बाष्पयुगाच्या अखेरीस उघडले. भारतातील चित्तरंजन कारखान्यात बाष्प इंजिनांचे उत्पादन 1972 मध्ये थांबले.

प्रतिकृतीसाठी रोलिंग रोड : खरेदी की निर्मिती?

प्रतिकृतीच्या रोलिंग रोडमध्ये प्रत्येक चालक चाकाखाली दोन लहान बॉल बेअरिंग असतात. चाकाचा आस या जोडीच्या बरोबर मध्यावर येणे आवश्यक असते; अन्यथा इंजिन पुढे किंवा मागे घसरते. 16.5, 32 किंवा 45 मि.मी. या प्रचलित रूळमापांसाठी तयार संच विकत मिळतात. विजेवरील हलक्या प्रतिकृतीला ते पुरेसे ठरतात. वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतीची गरज मात्र वेगळी असते. भार नसताना ती अनावर वेग घेते, म्हणून रोलरला घर्षण-ब्रेक जोडावा लागतो. इंजिन मागील बाजूने ताणकाट्याला जखडल्यास ओढीचे बल कळते, तर रोलरचा परीघ व फेरे यांवरून वेग काढता येतो. उदाहरणार्थ, 5 न्यूटन बल व सेकंदाला 0.8 मीटर वेग असल्यास शक्ती 4 वॅट भरते. असा भारयुक्त मंच लोखंडी अँगल, बेअरिंग व लेथ यांच्या साहाय्याने महाविद्यालयाच्या कार्यशाळेत तयार करता येतो. ज्या विद्यार्थ्याला केवळ इंजिन फिरताना पाहायचे आहे, त्याला विकतचा संच पुरतो. ज्याला मोजमाप करायचे आहे, त्याने तो स्वतः बांधणे अधिक फलदायी ठरते. बॉयलरची जलदाब चाचणी मात्र मंचावर चढविण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

मर्यादा

'शकुंतला'ची प्रतिकृती 45 मि.मी. रुळांसाठी केल्यास प्रमाण सुमारे 1:17 येते. पृष्ठभाग 289 पटींनी घटतो, तर आकारमान सुमारे 4,900 पटींनी. परिणामी आकारमानाच्या तुलनेत उष्णता गमावणारा पृष्ठभाग मूळ इंजिनाच्या सतरापट होतो. म्हणून प्रतिकृतीच्या इंधनखर्चावरून मूळ इंजिनाची कार्यक्षमता ठरविणे चुकीचे होईल. झडपांची वेळ, वंगण, चाकांचा समतोल व वाफेची गळती यांचा अभ्यास मात्र होऊ शकतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. जुलै 1937 मध्ये बिहारमधील बिहटा येथे 'एक्सबी' वर्गाच्या इंजिनाची गाडी घसरून शंभराहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीपुढील प्रश्न इंजिनाचे डोलणे व रुळांची स्थिती यांच्या परस्परसंबंधाचा होता. रोलरवर इंजिनाची शक्ती मोजता येते. रुळाशी त्याचे वर्तन कसे असेल, हे तेथे पूर्णपणे उमगत नाही.

निष्कर्ष

पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आणि नागपूरचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय यांनी महाराष्ट्रात रेल्वेविषयी आस्था जागविली आहे. वऱ्हाडात अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून कार्यरत आहे. इतिहास व यंत्र अभियांत्रिकी या विभागांनी एकत्र येऊन 'झेडडी'ची प्रतिकृती व तिच्यासाठी रोलिंग रोड तयार केल्यास, मार्ग बंद पडल्यानंतरही त्या इंजिनाचे चालणे विद्यार्थ्यांसमोर राहील. ज्यांनी ही इंजिने हाताळली, त्या कामगारांच्या आठवणी याच वेळी नोंदविणे निकडीचे आहे. यंत्र पुन्हा घडविता येते. ते चालविणाऱ्याचा अनुभव एकदा हरपला की परत मिळत नाही.